रिकाम्या गाळ्यात आधी एक फेरी

बंद जागेत शूटिंग करताना येणाऱ्या धोक्यांबद्दल या सदरासाठी प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. सगळ्यांना पुरेल असं उत्तर देता येत नाही, म्हणून पाच पत्रं निवडली आहेत. ज्यांना मी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९८७ साली मी लाइटमन म्हणून लागलो आणि गॅफर, म्हणजे दिव्यांच्या टीमचा प्रमुख, म्हणून निवृत्त झालो. गोरेगावच्या चित्रनगरीचे फ्लोर (शूटिंगची बंद दालनं), मढचे बंगले, साकीनाक्याचे गाळे, सगळीकडे दिवे लावले. खाली लिहिलंय ते हातानं केलेलं किंवा समोर उभं राहून पाहिलेलं आहे. विनंती एकच, वायरिंगचं कायमचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. माझं उत्तर वाचून स्वतः बोर्ड उघडू नका.

प्रश्न : काका, आम्ही दोघा भावांनी भांडुप पश्चिमेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्यावरचा गाळा घेतलाय. आधी तिथं प्लास्टिक मोल्डिंग चालायचं. वर सिमेंटचे पत्रे आहेत, आत पोटमाळा आहे, तिथं मेकअपरूम करणार. पुढं शटर, मागं एक लोखंडी दार, पण त्याला आधीच्या भाडेकरूपासून कुलूप आहे. पॉडकास्ट आणि जाहिरातींच्या छोट्या शूटिंगला गाळा द्यायचा आहे. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि फोम चिकटवला. पहिलं बुकिंग पंधरा दिवसांवर आहे. धोका कुठं आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर : आधी ते अंड्यांचे ट्रे काढा. आजच काढा. ट्रे म्हणजे कागदाचा लगदा. आवाज अडवायला भिंतीला वजन लागतं आणि ट्रेला वजनच नसतं, त्यामुळे शेजारच्या लेथचा आवाज येतो तो येतोच, फक्त खोलीतला घुमारा थोडा कमी होतो. एवढ्याशा फायद्यासाठी तुम्ही चारही भिंतींना सरपण लावून ठेवलंय. फोमचंही तेच. गादीत असतो तसला साधा पॉलियुरेथेन फोम एकदा पेटला की बघताबघता पसरतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतं. ज्वाळा अंगाशी यायच्या आधी माणूस धुरानं पडतो.

८ फेब्रुवारी १९८९ ला म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत एका मालिकेच्या सेटला आग लागली आणि साठाहून जास्त माणसं गेली. तिथंही आवाज अडवायला भिंतींना गोणपाट लावलेलं होतं आणि हवा जायला पुरेशी वाट नव्हती. मी तेव्हा उमेदवारी करत होतो. बातमी आली त्या दिवशी आमच्या वस्तादांनी काम थांबवलं आणि आमच्या फ्लोरवरचं गोणपाट स्वतःच्या हातानं ओढून काढलं. कोणाला विचारलं नाही. मालक ओरडला, तरी नाही.

ट्रेच्या जागी रॉकवूलचे, म्हणजे दगडापासून केलेल्या न जळणाऱ्या लोकरीचे, पॅनल लावा, वर न पेटणारं काचकापड. विकणाऱ्याकडे चाचणीचा दाखला मागा. शिवाय बोटभर तुकडा कापून बाहेर मोकळ्यावर न्या, पकडीत धरा आणि काडी लावा. काडी बाजूला घेतल्यावरही तो जळत राहिला, तर माल परत करा.

आता धोका ओळखायचं विचारता, तर माझी पद्धत सांगतो. सामान यायच्या आधी, रिकाम्या गाळ्यात, दोघांनी एक फेरी मारायची. दिवसा एकदा, मग रात्री एकदा. रात्रीच्या फेरीत सगळे दिवे घालवा. टॉर्च खिशात ठेवा, हातात नको. जिथं कलाकार बसणार त्या सगळ्यात आतल्या कोपऱ्यातून निघा आणि हात भिंतीला लावून रस्त्यावर पोचा. कुठं ठेचकाळलात, कुठं भिंत संपून हात पोकळीत गेला, दाराची कडी शोधायला किती वेळ लागला, हे लक्षात ठेवा. आग लागली की मेन जातो आणि धूर भरतो, तेव्हा तुमच्या पाहुण्यांना हीच वाट अशाच अंधारात शोधायची आहे, तीही पहिल्यांदाच. सेट लागला की पुन्हा तशीच फेरी मारा, कारण सेटच्या भिंतींचे पॅनल उभे राहिले की वाट बदलते.

या फेरीत तुमचं मागचं कुलूप पहिल्यांदा आडवं येईल. ते तोडा. त्या दाराला आतून नुसती कडी ठेवा, किल्ली लागेल असं काही नको. बाहेर कोणी टेम्पो लावून दार अडवत असेल, तर इस्टेटच्या सोसायटीला लेखी पत्र द्या. पुढचं शटर शूटिंग चालू असताना पूर्ण खाली घ्यायचं नाही. आवाजासाठी आत वेगळं लाकडी दार करा, बाहेरच्या बाजूला उघडणारं. शटर मोटरवर चालत असेल तर वीज गेल्यावर ते साखळीनं वर घेता येतं का हे तुम्ही दोघांनीही करून पाहा.

पोटमाळ्यावर मेकअपरूम करू नका. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, जागा वाया जाते असं वाटेल. पण धूर वर चढतो, म्हणजे खाली काही पेटलं तर पहिला धूर पोटमाळ्यावर, आणि तिथून उतरायला एक अरुंद लोखंडी शिडी. त्यात वर ड्रायर, इस्त्री, स्प्रे, थिनर, कपड्यांचे ढीग. वर रिकाम्या पेट्या ठेवा, माणसं नकोत. रात्रीच्या शिफ्टनंतर पोरं तिथं झोपतात तेही बंद करा.

विजेचा हिशेब आता कागदावर करू. भांडुपला महावितरणची वीज आहे, बिलावर मंजूर भार छापलेला असतो. समजा तो ५ किलोवॅट आहे. ५००० भागिले २३०, म्हणजे साधारण २२ अँपिअर. आता शूटिंगच्या दिवशी काय काय लागेल ते मोजा. दोन हजार वॅटचे टंगस्टन, म्हणजे तारेचे तापणारे जुने दिवे, दोन, ४००० वॅट. तीनशेचे एलईडी चार, १२०० वॅट. दीड टनाचे एसी दोन, धरा ३४०० वॅट. ड्रायर १५००, इस्त्री १०००, चहाची किटली १५००. झाले १२,६०० वॅट, म्हणजे जवळजवळ ५५ अँपिअर. यातले दिवे सगळे मोजतात. ड्रायर, इस्त्री आणि किटली कोणीच मोजत नाही, आणि नेमक्या त्याच एका एक्स्टेंशन बोर्डावर लागतात. तेव्हा एक तर भार वाढवून घ्या, नाहीतर बुकिंग घेतानाच लिहून द्या की टंगस्टन चालणार नाहीत. एलईडीनंही चेहरा छान दिसतो. भार कमी पडतो म्हणून मागच्या बोळात पेट्रोलचा छोटा जनरेटर मात्र लावू नका. त्याचा धूर दाराच्या फटीतून आत येतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोप आल्यासारखा बसल्या जागी जातो.

सॉकेटचं गणितही सोपं आहे. १६ अँपिअरच्या सॉकेटमधून ३६८० वॅट जातात, पण तासन्तास चालणाऱ्या दिव्यांसाठी मी ऐंशी टक्क्यांच्या वर कधी गेलो नाही. एका सॉकेटला एकच दोन हजाराचा दिवा. ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटला हजाराचा दिवासुद्धा मी दिवसभर ठेवत नाही. ड्रमवर गुंडाळलेली केबल पूर्ण सोडून घ्या, गुंडाळलेली राहिली तर उष्णता आतच कोंडते आणि इन्सुलेशन मऊ होतं.

दिवे लावून अर्धा तास झाला की प्रत्येक प्लगकडे जा. प्लग फुटलेला नसेल तर त्याला हाताची पालथी बाजू लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर दिवा बंद. मग प्लग काढून पिनांच्या मुळाशी बघा. पांढऱ्या प्लास्टिकवर पिनेभोवती चहाच्या डागासारखी तपकिरी कडी दिसली, पितळेवरची चमक जाऊन ती काळपट निळी झाली, की तो सांधा ढिला आहे आणि आतून जळतोय. तो प्लग घासून पुन्हा वापरायचा नसतो. सॉकेटही बदलायचं. जळक्या प्लास्टिकला कधीकधी माशासारखा वास येतो. आपल्याकडे तेवढ्यानं कोणी उठत नाही, कोणाच्या तरी डब्यात बोंबील असतील म्हणतात. वास आला की उठा.

बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळणारी वीज ओळखून पुरवठा तोडणारा खटका, आहे का बघा. एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की पडणारा खटका, वायर वाचवते, आरसीसीबी माणूस वाचवते. दोन्ही हव्यात. तिच्यावर चाचणीचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही तर नवी आणा.

छताला काही टांगू नका. फॉल्स सीलिंगच्या पट्ट्या स्वतःचंच वजन कसंबसं धरतात. छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैचीला टांगायचं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. आणि पावसात गळतंय म्हणून कोणालाही सिमेंटच्या पत्र्यावर चढवू नका. तो पत्रा पायाखाली न सांगता फुटतो. खाली काँक्रीट आहे.

राहिलं अग्निशामक. विजेच्या बोर्डाजवळ कार्बन डायऑक्साइडचा, दाराजवळ ड्राय पावडरचा. जिथं आग लागेल असं वाटतं तिथं टांगू नका, बाहेर पडायच्या वाटेवर टांगा. सोसायटीकडे नमुना ब मागा. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानं आगीची यंत्रणा चालू असल्याचा हा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यावा लागतो. पॅकअपनंतर मेन स्विच खाली करणारा माणूस एकच ठरवा, त्याचं नाव भिंतीवर लिहा. सप्टेंबर २०१७ मध्ये चेंबूरच्या आर. के. स्टुडिओचा फ्लोर जळाला तेव्हा माणसं वाचली, पण जपून ठेवलेले जुन्या सिनेमांचे कपडे गेले. मला तो परिसर माहीत होता, दोन दिवस जेवण गेलं नाही.

प्रश्न : माझी आई लालबागच्या आमच्या चाळीतल्या खोलीत पदार्थांचे व्हिडिओ करते. शूटिंग मी करतो. दोन सॉफ्टबॉक्स लावतो आणि कढईच्या बरोबर वर आडव्या दांड्याला मोबाइल टांगतो. दिवाळीच्या फराळाचे व्हिडिओ आता सुरू करायचे आहेत. खोली १० बाय १२ ची. काही काळजी घ्यावी का?

उत्तर : चकल्यांच्या तेलात वरून मोबाइल पडला तर काय होईल, याचा विचार तुम्ही केला असेल म्हणूनच पत्र लिहिलंत असं मी धरून चालतो. तापलेलं तेल पहिल्यांदा आईच्या हातावर आणि गळ्यावर उडेल. त्यामुळे कढईच्या वर काहीही टांगायचं नाही. कॅमेरा बाजूला, ओट्याच्या कडेपासून हातभर मागं, वरून तिरका. वरूनच दृश्य हवं असेल तर गॅस बंद असताना, पीठ मळताना, सोऱ्यातून चकली पाडताना घ्या. तळणीचं दृश्य बाजूनंच चांगलं दिसतं, बुडबुडे दिसतात.

सॉफ्टबॉक्सचं कापड नायलॉनचं असतं. ते शेगडीपासून चार फूट तरी लांब ठेवा आणि आत टंगस्टन किंवा हॅलोजन असेल तर तो काढून एलईडी लावा. स्टँडचे पाय पूर्ण उघडा. आडवा दांडा असेल तर ज्या बाजूला वजन झुकतं त्याच बाजूला स्टँडचा एक पाय यायला हवा, आणि त्या पायावर पिशवी. वाळूची पिशवी नसेल तर पाच किलो तांदळाची पिशवी ठेवा, आईच्या घरात तेवढं सापडेल. चाळीत गॅलरीतून कोणीही पोर पळत आत येतं, म्हणून केबल दाराच्या उंबऱ्यावरून कधी नेऊ नका.

सिलिंडरची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते, नळीवरची तारीख पाहा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, आणि तुमचा एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवरच असतो. वास आला तर दिवे चालू असतील ते चालूच राहू द्या आणि बंद असतील ते बंदच. खटका दाबला की ठिणगी पडते, मग तो चालू करा की बंद. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर या आणि बाहेर आल्यावर १९०६ ला फोन करा.

तेल पेटलं तर पाणी टाकायचं नाही. गॅस बंद करता आला तर करा, कढईवर बसेल एवढं ताट वरून सरकवा आणि थंड होईपर्यंत उघडून बघू नका. ते ताट व्हिडिओ सुरू होण्याआधीच ओट्यावर काढून ठेवा. चौकटीत दिसलं तर दिसू द्या, बघणाऱ्या बायकाही तसं ताट काढून ठेवतील. आईला सांगा, शूटिंगच्या दिवशी सिंथेटिक साडी नको, सुती नेसा आणि पदर खोचा.

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलीची एका मालिकेत निवड झाली आहे. आम्ही डोंबिवलीला राहतो, सेट घोडबंदर रोडला आहे. मी रोज बरोबर असेन. सेटवर मी काय पाहायचं? तिला थोडा दम्याचा त्रास आहे.

उत्तर : ताई, आधी कायदा माहीत करून घ्या म्हणजे बोलताना बळ येतं. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, त्याचे नियम २०१७ चे. बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही आणि सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. निर्मात्यानं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेतलेली असली पाहिजे आणि पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती सेटवर हवी. तिच्या कमाईतले किमान वीस टक्के तिच्या नावानं मुदत ठेवीत जायला हवेत. परवानगीची प्रत मागा. मागायला लाजू नका.

दम्याबद्दल पहिल्याच दिवशी असिस्टंट डिरेक्टरला लेखी द्या. पौराणिक आणि भुताखेतांच्या प्रसंगांत धुराचं मशीन लागतं, कधी लोबान जाळतात. तो प्रसंग असेल तेव्हा मुलीला शेवटच्या क्षणी आत न्यायचं, कट झाला की बाहेर आणायचं, आणि पंप तुमच्या पर्समध्ये नाही तर हातात. रंगकाम चालू असलेल्या फ्लोरवर तिला बसवू नका. मोठ्या एचएमआय दिव्याची (दिवसाच्या उजेडासारखा प्रखर दिवा) काच तडकलेली दिसली तर तिला लगेच बाजूला घ्या. ती काच अतिनील किरणं अडवते. तडकली की डोळे आणि कातडी दोन्ही भाजतात, आणि ते रात्री घरी गेल्यावर कळतं.

प्रश्न : मी चित्रनगरीत एका मालिकेवर तिसरी असिस्टंट आहे, पहिलीच नोकरी. आमच्या फ्लोरचं मागचं दार बाहेरून कुलूप लावून बंद असतं, कारण बिबट्या आत येतो म्हणतात. त्या दारापुढं पॅनल आणि कपड्यांच्या ट्रंका रचल्यात. मी एकदा बोलले तर “तू टाइमशीट बघ” म्हणाले. मी परत बोलावं का?

उत्तर : बोला. बिबट्याची भीती खोटी नाही, २०२३ च्या जुलैत चित्रनगरीत एका मराठी मालिकेच्या सेटवर बिबट्या शिरला होता, सेटवर माणसं असताना. पण बिबट्या कुत्र्यांमागं येतो आणि कुत्री उरलेल्या जेवणामागं. दाराबाहेर पत्रावळी आणि डबे टाकणं बंद झालं की निम्मं काम होतं. उरलेल्यासाठी दाराला आडवी पट्टी बसवता येते, पॅनिक बार म्हणतात तिला. बाहेरून दार बंदच राहतं, आतून कोणी अंगानं ढकललं की उघडतं. मॉलमध्ये, थिएटरमध्ये तुम्ही ती पाहिली आहे. बिबट्याही बाहेर आणि माणसंही सुटतात, तेव्हा कुलपाची गरज उरत नाही.

कसं बोलायचं ते सांगतो. सगळ्यांसमोर नको. मोबाइलवर दोन फोटो घ्या, एक कुलपाचा, एक ट्रंकांचा. प्रॉडक्शन मॅनेजरना कॉलच्या, म्हणजे सेटवर हजर व्हायच्या वेळेच्या, अर्धा तास आधी, चहा चालू असताना गाठा. “दादा, आज सेटवर किती माणसं आहेत ते मी मोजलंय, आणि बाहेर पडायला एकच दार आहे. ट्रंका हलवायला सेटिंगचे दोघं वीस मिनिटांत करतील, मी उभी राहते.” एवढंच. तक्रार आणि उपाय एकाच दमात सांगितला की नाही म्हणणं जड जातं. मग तेच फोटो आणि तेच वाक्य ग्रुपवर टाका, तारखेसकट.

तरीही नाही म्हणाले, तर तुमच्या गॅफरकडे आणि सेटिंगच्या मुकादमाकडे जा. आम्ही लोक दिवसाचे बारा तास त्याच छपराखाली असतो, आम्हाला ते दार तुमच्याइतकंच हवं असतं. सेट आणि भिंत यांच्यामध्ये मी नेहमी चार फुटांची गल्ली मागायचो, चारही बाजूंनी. दोन माणसं एकमेकांना न अडता जातील एवढी. सेट उभारायच्या आधी मागितली की मिळते. सेट उभा राहिल्यावर कोणी पॅनल मागं घेत नाही. म्हणून पुढच्या सेटचा नकाशा आर्ट डिपार्टमेंटकडे आला की त्यावर पेन्सिलनं ती गल्ली आखून द्या. टाइमशीट बघणाऱ्या मुलीनं हे केलं तर ते तिचंच काम आहे असं मी मानतो.

प्रश्न : मी लाइटमन आहे, अकरा वर्षं झाली. आमच्याकडे पाऊस लागला की आरसीसीबी सारखी पडते. काम थांबतं. गेल्या आठवड्यात मला एका दिव्याची अर्थ, म्हणजे जमिनीला जोडणारी हिरवी वायर, कापायला सांगितली. कापल्यावर पडायची थांबली. दिव्यावर १४ नंबर टाकलेला आहे. मनात भीती आहे म्हणून विचारतो, चुकलो का?

उत्तर : भाऊ, भीती वाटली हे बरं झालं. आता माझी गोष्ट ऐका. १९९८ चा जुलै, अंधेरीचा एक फ्लोर, नाव घेत नाही. आत पावसाचा सीन होता, वरून पाणी सोडलेलं, खाली ताडपत्री आणि तिच्यावर घोट्यापर्यंत पाणी. एका दोन हजाराच्या दिव्याची अर्थ कोणीतरी आधीच्या शूटिंगला कापली होती. प्लगमध्ये हिरवी वायर मागं मुडपून टेप मारलेली. मी ती पाहिली नाही. गॅफर मी होतो, प्लग तपासणं माझं काम होतं. आरसीसीबी तिथं नव्हतीच.

एकोणीस वर्षांच्या पोरानं स्टँड सरकवायला उजवा हात घातला आणि तो तसाच उभा राहिला. ओरडला नाही. हाताची मूठ वळते ती सुटत नाही, आवाजही फुटत नाही, त्यामुळे बाकीच्यांना वाटलं तो फोकस बघतोय. मला त्याची मान दिसली, शिरा ताणलेल्या. मेन स्विच चाळीस फुटांवर होता. मी ओरडून मेन पाडायला सांगितला आणि कोरडी लाकडी फळी त्याच्या मनगटावर मारली. तो पडला. श्वास होता. तळहातावर पाइपच्या रुंदीचा पांढरा पट्टा उठला होता, कडेनं काळा. दवाखान्यात नेला, रात्रभर हृदयाचे ठोके बघत ठेवला, वाचला. तो वाचला म्हणून मी हे लिहू शकतोय.

तुमच्या दिव्यात काय झालंय ते असं. पावसाच्या दमटपणानं किंवा आत घासलेल्या वायरीमुळे थोडी वीज दिव्याच्या अंगात उतरते आहे. अर्थ असताना ती वीज अर्थमधून जायची आणि आरसीसीबीला कळायचं, म्हणून ती पडायची. ती तुम्हाला सांगत होती की या दिव्यात बिघाड आहे. अर्थ कापल्यावर वीज गेली कुठंच नाही, ती दिव्याच्या अंगात थांबली आहे. आता पहिला माणूस ओल्या पायानं हात लावेल तोच अर्थ. आरसीसीबी तेव्हा पडेल, जर ती चालू असेल, जर कोणी तीही बायपास केली नसेल. माणसाच्या अंगावर चाचणी घ्यायची नसते.

पुन्हा कधी पडली तर असं करा. सगळे दिवे काढा, आरसीसीबी वर घ्या, मग एकेक दिवा लावत जा. ज्या दिव्यावर पडली तो बाजूला. एकट्यानं कोणीच पाडत नसेल आणि सगळे मिळून पाडत असतील, तर तेही समजून घ्या. एलईडीचा प्रत्येक ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारा आतला भाग, किंचित वीज अर्थमध्ये सोडतो, पंधरा दिव्यांची मिळून ती बेरीज होते. मग दिवे दोन-तीन आरसीसीबींवर वाटून घ्या. जोड जमिनीवर ठेवू नका, विटेवर किंवा लाकडी ठोकळ्यावर उचला, वर प्लास्टिकची पिशवी बांधून तोंड खाली करा. हे सगळं वीस मिनिटांचं काम आहे. वरून कोणी घाई केली तर माझं नाव सांगा.

चुकलात का विचारता, तर हो, पण तुमचं पत्र वेळेत आलं आणि संपादकांनी ते मला त्याच दिवशी दिलं. फोनवर सांगितलं तेच इथं सगळ्यांसाठी लिहितो. चौदा नंबरचा दिवा कॉलच्या आधी फ्लोरवरून बाहेर काढा. नुसता बाजूला ठेवू नका, प्लगच कापून टाका म्हणजे कोणाला लावता येणार नाही. दिव्याच्या अंगावर लाल टेप मारा आणि जाड पेननं “अर्थ नाही, लावू नये” असं मराठीत लिहा, खाली हिंदीतही लिहा, कारण रात्रीच्या शिफ्टला येणारी पोरं तुमची नसतात.